चष्मा, कवळी आणि एक राजीनामा: अनायरिन बेव्हन, एप्रिल १९५१

२३ एप्रिल १९५१, सोमवार. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात अनायरिन बेव्हन राजीनाम्याचे निवेदन करायला उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी याच माणसाने साऱ्या देशाला मोफत वैद्यकीय सेवा मिळवून दिली होती. आता तो स्वतःच्याच पक्षाच्या सरकारमधून बाहेर पडत होता, आणि वरवर पाहता कारण होते चष्मा आणि कवळी. नव्या अर्थसंकल्पात या दोन वस्तूंची निम्मी किंमत रुग्णाकडून घ्यायचे ठरले होते. त्यातून त्या वर्षी १ कोटी ३० लाख पौंड वाचणार होते. सरकारचा एकूण खर्च होता ४०० कोटींच्या घरात.

एवढ्याशा रकमेवरून मजूर पक्षाचा सर्वांत प्रभावी वक्ता आणि आरोग्यसेवेचा शिल्पकार मंत्रिमंडळाबाहेर जातो, पक्ष पुढची काही वर्षे दोन गटांत भांडत राहतो, आणि तरीही ते शुल्क लागू होतेच. हे कसे घडले, कुठल्या वळणावर वेगळे घडू शकले असते, हे पाहण्यासाठी ही मांडणी. माझे मत आधीच सांगतो. राजीनामा देणे चुकले नाही. चुकले ते त्याआधीच्या अठरा महिन्यांत, जेव्हा बेव्हन यांच्या हातात जास्त पत्ते होते.

पार्श्वभूमी

बेव्हन यांचा जन्म १८९७ मध्ये साऊथ वेल्समधल्या ट्रेडिगार या कोळशाच्या गावी झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते खाणीत उतरले. वडीलही खाणकामगार. खाणीतली धूळ फुप्फुसात साठून १९२५ मध्ये ते गेले. मुलगा बोलताना अडखळायचा. कामगारांच्या वाचनालयातली पुस्तके वाचून आणि सभांमधून मुद्दाम बोलून त्याने त्या अडखळण्यावर मात केली. १९२९ मध्ये एब व्हेल मतदारसंघातून तो मजूर पक्षाचा खासदार झाला आणि मरेपर्यंत तिथूनच निवडून येत राहिला.

या प्रकरणात ट्रेडिगारची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे कामगारांनी स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. दर आठवड्याच्या पगारातून पौंडामागे काही पेनी कापली जात आणि त्या बदल्यात सभासदाला आणि त्याच्या घरच्यांना डॉक्टर, औषध, दवाखाना मिळे. तरुण बेव्हन या संस्थेच्या समितीवर काम करत. आजारी माणसाच्या उशाशी पैशाचा विषय निघू नये, वर्गणी आधीच, ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे गोळा झालेली असावी, ही कल्पना त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती. ती त्यांनी गावात चालताना पाहिली होती. पुढे मंत्री झाल्यावर सगळ्या देशाचे ट्रेडिगार करायचे आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात.

देशाची अवस्था ट्रेडिगारसारखी नव्हती. १९११ च्या कायद्याने विमा मिळाला तो कामावर असलेल्या मजुराला. त्याची बायको आणि मुले त्यात नव्हती. दातांची तऱ्हा तर अशी की, एकेक दुरुस्त करत बसण्यापेक्षा तरुणपणीच सगळे उपटून कवळी बसवून घेणे कामगार वस्त्यांत शहाणपणाचे मानले जाई. काही ठिकाणी मुलीच्या लग्नाआधी बाप तिचे दात काढून कवळीचा खर्च करून टाकी, म्हणजे नवऱ्यावर तो भार पडणार नाही. चष्मा हवा असेल तर वूलवर्थच्या दुकानात जायचे, काउंटरवरचे एकेक भिंग डोळ्याला लावून बघायचे आणि ज्यातून बऱ्यापैकी दिसेल ते घेऊन घरी यायचे. नंतर संसदेत 'कवळी' हा शब्द हसण्यावारी नेला गेला, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो. ज्या घरांनी हे भोगले होते त्यांना त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला. पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी सत्तेचाळीस वर्षांच्या, कधीही मंत्री न झालेल्या बेव्हन यांना आरोग्य आणि घरबांधणी असे दुहेरी खाते दिले. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा १९४६ मध्ये झाला. नगरपालिकांची आणि धर्मादाय अशी सगळी रुग्णालये सरकारकडे घ्यायचे बेव्हन यांनी ठरवले. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी त्याला कडाडून विरोध केला. लंडन महापालिकेचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे चालवला होता आणि स्थानिक संस्थांच्या हातून रुग्णालये जाणे त्यांना मान्य नव्हते. ॲटली बेव्हन यांच्या बाजूने उभे राहिले.

डॉक्टरांशी झालेला झगडा याहून मोठा. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा चाळीस हजारांहून अधिक डॉक्टर नव्या सेवेच्या विरोधात आणि पाच हजारांहून कमी बाजूने निघाले. सेवा सुरू व्हायला पाच महिनेही उरले नव्हते. बेव्हन यांनी तारीख हलवली नाही. मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना सरकारी रुग्णालयातच खासगी रुग्ण पाहायची मुभा दिली, गावोगावच्या डॉक्टरांना पगारी नोकर केले जाणार नाही असे कायद्यातच लिहून दिले, आणि विरोधाची फळी फोडली. ५ जुलै १९४८ ला सेवा ठरल्याप्रमाणे सुरू झाली. जिद्दी माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, पण या वाटाघाटीत दिसतो तो कसलेला सौदागर. किती सोडायचे आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. १९५१ मध्ये हा हिशेब कुठे हरवला, हाच या प्रकरणाचा गाभा.

पेच

सेवा सुरू होताच लोक लोटले. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या बायका पहिल्यांदा डॉक्टरकडे आल्या. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले आणि कवळ्यांच्या मागणीने दंतवैद्यांची दमछाक झाली. खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला आणि पुरवणी मागण्या घेऊन संसदेत जावे लागले. बेव्हन यांचे उत्तर होते की ही तुंबलेली गरज आहे, एकदा निचरा झाला की ओघ कमी होईल. अर्थखात्याला यात उधळपट्टी दिसली.

सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि काटकसरीची मागणी जोरात आली. ऑक्टोबरमध्ये ॲटलींनी जाहीर केले की डॉक्टरांच्या प्रत्येक चिठ्ठीमागे एक शिलिंगपर्यंत (म्हणजे पौंडाचा विसावा भाग) शुल्क घेण्याचा अधिकार सरकार कायद्याने घेणार आहे. बेव्हन यांनी याला संमती दिली. इतकेच नव्हे, पक्षाच्या खासदारांसमोर त्याची बाजूही मांडली. ब्रिटिश जनतेच्या घशात औषधांचे धबधबे कोसळत आहेत, या अर्थाचे ते बोलले. मनातून त्यांचा हिशेब असा होता की कायदा कागदावर राहू द्यायचा आणि अंमलबजावणीच्या वेळी हजार अडचणी दाखवून तो गुंडाळायचा. तसे झालेही. ते आरोग्यमंत्री असेपर्यंत ते शिलिंग कुणाकडून घेतले गेले नाही. पण रुग्णाकडून पैसे घेता येतात, हे तत्त्व त्यांच्याच सहीने कायद्यात गेले होते.

फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्ष कसाबसा सत्तेत राहिला. बहुमत अवघे पाच जागांचे. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. अमेरिकेच्या दबावाखाली शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम आखला गेला आणि जानेवारी १९५१ मध्ये तो वाढवून तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांवर नेला गेला. महायुद्धातून कर्जबाजारी होऊन बाहेर पडलेल्या देशासाठी हा आकडा डोळे फिरवणारा होता.

याच काळात दोन नेमणुका झाल्या आणि त्यामुळे प्रकरणाला वैयक्तिक धार आली. ऑक्टोबर १९५० मध्ये आजारपणामुळे स्टॅफर्ड क्रिप्स यांनी अर्थमंत्रिपद सोडले. हे क्रिप्स म्हणजे १९४२ चे क्रिप्स मिशन घेऊन आपल्याकडे आलेले तेच. त्यांच्या जागी ह्यू गेट्स्केल आले. वय चव्वेचाळीस, उच्चभ्रू शाळा, ऑक्सफर्ड, अर्थशास्त्राचे अध्यापक, आणि खासदारकी फक्त पाच वर्षांची. बेव्हन एकवीस वर्षे खासदार होते. मार्च १९५१ मध्ये अर्नेस्ट बेव्हिन यांनी परराष्ट्रखाते सोडले (नावातल्या साम्यामुळे मराठी वाचकाचा घोटाळा होतो, पण बेव्हिन वेगळे, बेव्हन वेगळे), तर ते खाते मॉरिसन यांना मिळाले. दोन्ही वेळा बेव्हन यांना डावलले गेले. मधल्या जानेवारीत त्यांना आरोग्यखात्यातून काढून कामगार खाते देण्यात आले होते.

या बदलीतला एक तपशील मला सगळ्यांत निर्णायक वाटतो. नवे आरोग्यमंत्री हिलरी मार्क्वंड यांना मंत्रिमंडळात जागाच नव्हती. म्हणजे जानेवारी १९५१ पासून ज्या टेबलाभोवती आरोग्यसेवेच्या पैशाचा निर्णय व्हायचा, त्या टेबलावर आरोग्यखात्याचा मंत्री बसत नव्हता. बेव्हन बसत होते, पण आता दुसऱ्याच खात्याचे मंत्री म्हणून. अंमलबजावणी त्यांच्या हातात नव्हती. १९४९ सारखे 'कागदावर राहू द्या' म्हणायची सोय संपली होती.

गेट्स्केल यांनी आरोग्यसेवेवर ४० कोटी पौंडांची मर्यादा घातली. ती पाळायची तर चष्मा आणि कवळीवर शुल्क लावणे त्यांना भाग वाटले.

समोर असलेले पर्याय

गेट्स्केल यांची बाजू आधी मांडतो, कारण बेव्हन यांच्या चाहत्यांनी ती नेहमीच तोडून मांडली आहे. त्यांनी निवृत्तिवेतन वाढवले होते, प्राप्तिकर पौंडामागे सहा पेन्सने वाढवून नऊ शिलिंग सहा पेन्स केला होता. चिठ्ठीवरचे शुल्कही आधी चर्चेत होते, ते त्यांनी सोडले होते. हातात एक पौंड असेल तर तो म्हाताऱ्याच्या पेन्शनला द्यावा की दुसऱ्या कवळीला, हा प्रश्न त्यांना खरा वाटत होता. ज्यांना अजिबात परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी साहाय्याची वाट होतीच. शिवाय एक खाते दरवर्षी मर्यादा ओलांडते आणि त्याचा मंत्री आवाज चढवून सुटतो, हे चालू दिले तर अर्थमंत्र्याचा शब्द कुणीच मानणार नाही, असेही त्यांना वाटे.

तडजोडीचा एक मार्ग चर्चेत होता: ४० कोटींची मर्यादा जाहीर करायची, पण शुल्काचा उल्लेख अर्थसंकल्पात करायचा नाही. खर्च कुठे कमी करायचा ते वर्षभरात पाहू. गेट्स्केल यांनी हे नाकारले. शुल्क वगळले तर मीच राजीनामा देतो, असे त्यांनी सांगितले.

बेव्हन यांच्यासमोर ढोबळमानाने चार वाटा होत्या. गप्प बसून शुल्क स्वीकारणे. विरोध नोंदवून आत राहणे आणि लवकरच येणाऱ्या निवडणुकीनंतर पुन्हा लढणे. शुल्काच्या मुद्द्यावर बाहेर पडणे. किंवा शस्त्रखर्चाच्या मुद्द्यावर बाहेर पडणे. इतकी शस्त्रे बनवायला लागणारे पोलाद, यंत्रे आणि कच्चा माल जगात मिळणारच नाही, तेव्हा हा पैसा ठरल्याप्रमाणे खर्च होणेच शक्य नाही, ही भूमिका घेऊन.

चौथी वाट सर्वांत भक्कम होती. पण ती त्यांनीच अरुंद करून ठेवली होती. मंत्रिमंडळात ते शंका घेत राहिले, तरी १५ फेब्रुवारी १९५१ रोजी संसदेत संरक्षणाच्या चर्चेत सरकारच्या वतीने ते उभे राहिले आणि कार्यक्रमाचे समर्थन करणारे दमदार भाषण केले. दोन महिन्यांनी त्याच कार्यक्रमावर राजीनामा द्यायचा, तर पहिला प्रश्न तेच भाषण विचारणार होते.

प्रत्यक्षात काय घडले

३ एप्रिलला लंडनच्या बर्मंडसी भागात सभा होती. श्रोत्यांतून कुणीतरी ओरडून टोकले. बेव्हन यांनी उत्तर दिले: रुग्णाकडून पैसे घेणाऱ्या सरकारात मी कधीही राहणार नाही. दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्रांत आले. त्या एका वाक्याने दुसरी वाट कायमची बंद झाली. आता मागे हटणे म्हणजे शब्द फिरवणे, आणि समोरच्या बाजूलाही आता नमणे म्हणजे धमकीपुढे नमणे.

९ एप्रिलला मंत्रिमंडळाच्या दोन बैठका झाल्या. ॲटली आतड्याच्या अल्सरमुळे रुग्णालयात होते आणि अध्यक्षस्थानी मॉरिसन होते. पाच वर्षांपूर्वी रुग्णालयांच्या प्रश्नावर बेव्हन यांनी ज्यांना हरवले, तेच आता बैठक चालवत होते. ॲटली हजर असते तर निकाल वेगळा लागला असता का, याविषयी आजही वाद घालता येईल. पण दोघांना एका खोलीत कोंडून काहीतरी वाट काढायची हातोटी त्यांच्याकडे होती, आणि १९४६ मध्ये ती बेव्हन यांच्या उपयोगी पडली होती. मॉरिसन यांना तशी घाई नव्हती. मंत्रिमंडळ जवळजवळ एकमुखाने गेट्स्केल यांच्या मागे गेले. बेव्हन यांना ठाम साथ दिली ती व्यापारमंत्री हॅरल्ड विल्सन यांनी.

अर्थसंकल्पाआधी गेट्स्केल राजा सहाव्या जॉर्जना भेटले, तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे. असल्या गोष्टीवरून राजीनामा देणारा माणूस वेडाच असला पाहिजे, असे राजे म्हणाले. लोकांना बूट फुकट मिळत नाहीत, मग दात का मिळावेत, असे म्हणून त्यांनी आपला पाय हलवून दाखवला. या वाक्यात शुल्काच्या बाजूचा सगळा युक्तिवाद आला आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. बूट ही रोजची वस्तू. ती घ्यायला डॉक्टर लागत नाही. कवळी आणि चष्मा हा तपासणीअंती सांगितलेला उपचार आहे. पायाचे हाड मोडले तर प्लास्टरचे पैसे लागत नाहीत, मग दात गेले तर का लागावेत? एकदा उपचारांची 'खरे' आणि 'सोयीचे' अशी वाटणी सुरू झाली की ती रेघ कुठे थांबवायची, याचे उत्तर शुल्काच्या बाजूने कुणीच दिले नव्हते.

१० एप्रिलला अर्थसंकल्प आला. १४ तारखेला अर्नेस्ट बेव्हिन वारले आणि काही दिवस सगळे थबकले. ॲटलींनी रुग्णालयातून पत्र लिहून समजूत घालायचा प्रयत्न केला. २१ एप्रिलच्या तारखेचे बेव्हन यांचे राजीनामापत्र गेले. त्यात फक्त कवळी नव्हती; शस्त्रखर्चाचा आकडा, कच्च्या मालाची टंचाई, वाढत्या किमती हे सगळे होते. मागोमाग विल्सन आणि पुरवठा खात्यातले जॉन फ्रीमन यांनीही पद सोडले.

सोमवारच्या भाषणातला अर्थकारणाचा भाग आज वाचला तरी पटतो. अमेरिका जगभरातून कच्चा माल साठवते आहे, किमती भडकत आहेत, ब्रिटनच्या कारखान्यांना हवी ती यंत्रे मिळत नाहीत, तेव्हा हा कार्यक्रम कागदावरच राहणार. मग ते आरोग्यसेवेकडे वळले. ४०० कोटींमधून १ कोटी ३० लाखांसाठी तुम्ही या सेवेला सुरी लावता आहात. मग पुढच्या वर्षी काय कापणार? शुल्क निम्मे आहे, म्हणजे खालची कवळी गेली तरी चालेल आणि वरची तेवढी पवित्र, असे का? शब्द नेमके होते आणि प्रश्न बिनतोड. पण सभागृहाचा सूर बिघडला. ज्यांच्याकडे पाठ करून ते बोलत होते, त्या स्वपक्षाच्या बाकांवरून साथ आली नाही. अर्थमंत्र्यावरचा राग भाषणात उघड दिसत होता, आणि पदोन्नती न मिळाल्याचे हे दुखणे आहे, असे म्हणायला टपलेल्यांना त्याने आयते कोलीत मिळाले. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या खासदारांच्या बैठकीतही ते एकटे पडले.

परिणाम

शुल्क मे १९५१ मध्ये लागू झाले. २५ ऑक्टोबरला निवडणूक झाली. मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते मिळाली, हुजूर पक्ष आणि त्याच्या साथीदारांना सुमारे १ कोटी ३७ लाख. जागा मात्र २९५ विरुद्ध ३२१. जास्त मते मिळवूनही सत्ता गेली, आणि पुढे तेरा वर्षे ती परत आली नाही. राजीनाम्यामुळेच हरले, असे मी म्हणणार नाही. पण फाटलेला पक्ष घेऊन मतदारांसमोर जाणे कुणालाच परवडत नाही.

शस्त्रखर्चाबाबत बेव्हन खरे ठरले. डिसेंबर १९५१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी संसदेत कबूल केले की ठरलेला खर्च त्या वर्षात होऊ शकणार नाही, आणि हेतू कदाचित फार चांगला नसेल तरी बेव्हन यांचे म्हणणे बरोबर निघाले, असा त्यांचा आवर्जून उल्लेख केला. ज्या संरक्षण खर्चासाठी १ कोटी ३० लाख वाचवायचे होते, तो खर्चच पूर्ण झाला नाही.

उधळपट्टीच्या आरोपाचेही तसेच. हुजूर सरकारनेच १९५३ मध्ये आरोग्यसेवेच्या खर्चाची तपासणी करायला गिलबॉ समिती नेमली. तिने १९५६ मध्ये सांगितले की १९४९-५० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्क्यांच्या आसपास असलेला आरोग्यसेवेचा खर्च १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. तुंबलेली गरज ओसरेल, हा बेव्हन यांचा अंदाज बराचसा बरोबर होता.

आणि रेघ? ती सरकत गेली. १९५२ मध्ये हुजूर सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग लावले. त्यासाठी लागणारा अधिकार मजूर सरकारच्या १९४९ च्या कायद्याने तयार करून ठेवलेला होता. दंतोपचारांवरही शुल्क आले. १९५१ मध्ये बेव्हन यांच्याबरोबर बाहेर पडलेले विल्सन १९६४ मध्ये पंतप्रधान झाले, त्यांनी १९६५ मध्ये चिठ्ठीचे शुल्क रद्द केले आणि १९६८ मध्ये आर्थिक अडचणीत स्वतःच परत लावले.

बेव्हन पुन्हा मंत्री झाले नाहीत. पक्षात त्यांच्या नावाचा डावा गट तयार झाला, १९५५ मध्ये काही काळ त्यांना संसदीय पक्षातून बाहेरही काढले गेले. त्याच वर्षी ॲटली निवृत्त झाल्यावर नेतेपदाच्या मतदानात गेट्स्केल यांना १५७, बेव्हन यांना ७० आणि मॉरिसन यांना ४० मते पडली. पुढे दोघांनी जमवून घेतले. ६ जुलै १९६० रोजी, सेवेच्या बाराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, बेव्हन कर्करोगाने गेले. तेव्हा ते गेट्स्केल यांचे उपनेते होते.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू ऑक्टोबर १९४९. तेव्हा बेव्हन आरोग्यमंत्री होते, सेवा नवी आणि लोकप्रिय होती, पक्षाचे बहुमत दणदणीत होते आणि वर्षभरात निवडणूक यायची होती. त्या दिवशी 'एक पेनीही नाही' म्हटले असते तर ॲटलींना ऐकावे लागले असते, असे मला वाटते. त्याऐवजी त्यांनी तत्त्व दिले आणि अंमल अडवला. सौदागराचा तो डाव होता आणि आपण त्या खुर्चीत असेपर्यंतच तो चालणार, हे त्यात धरलेलेच नव्हते.

दुसरा बिंदू जानेवारी १९५१. खाते बदलताना त्यांनी एकच अट घालायला हवी होती: आरोग्यमंत्री मंत्रिमंडळात राहील. मोठ्या पदाची अट घालण्यापेक्षा ही सोपी होती आणि तिला वैयक्तिक हव्यासाचा वास आला नसता. आपल्याकडेही योजना सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते आणि वर्षभरात योजनेचा कणा मोडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसरा बर्मंडसीचा. सभेत टोकणाऱ्याला दिलेले उत्तर मनापासून होते यात शंका नाही. पण मंत्रिमंडळाची निर्णायक बैठक सहा दिवसांवर असताना ते दिले गेले. त्याच आठवड्यात विल्सन यांच्यासारख्या चार-पाच सहकाऱ्यांना एकेकटे गाठून तयार केले असते, तर ९ एप्रिलला चित्र निदान वादाचे दिसले असते.

चौथा राजीनामापत्राचा. दोन मुद्दे एकत्र केल्याने दोन्ही दुबळे झाले. शस्त्रखर्चावर भर दिला की विरोधक फेब्रुवारीचे भाषण काढत, शुल्कावर भर दिला की १९४९ चा कायदा. एक मुद्दा निवडायचा तर माझ्या मते शुल्काचाच निवडायला हवा होता, आणि त्यासोबत स्वच्छ कबुली: १९४९ मध्ये मी चुकलो, म्हणून आज जातो आहे. ही कबुली बेव्हन यांनी कधी दिली नाही. ती दिली असती तर पदोन्नतीच्या रागाची कुजबुज बऱ्याच अंशी तिथेच थांबली असती.

गेट्स्केल यांच्याबाबत एवढेच म्हणतो की रक्कम छोटी होती म्हणून तडजोड सोपी असेल, असे बाहेरच्यांना वाटत राहिले, आणि खरे नेमके उलट होते. १ कोटी ३० लाख पौंडांसाठी सरकार पणाला लावणारा अर्थमंत्री पैशासाठी भांडत नव्हता, उदाहरण घालून द्यायला भांडत होता. बेव्हनही तेच करत होते. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्या ठिकाणाहून तेवढी रक्कम काढून दिली असती तरी तंटा मिटला नसता. मध्यस्थाला हे ओळखता आले असते तर चर्चा आकड्यांवरून काढून मुदतीवर नेता आली असती: शुल्क एका वर्षापुरते, आणि शस्त्रखर्च ठरल्याप्रमाणे झाला नाही तर ते आपोआप रद्द. तेवढे एक वर्ष मिळाले असते, तर पुढचे काम चर्चिल यांच्या डिसेंबरमधल्या कबुलीने केले असते.

सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीसमोर उभे राहिलेल्या माणसाला हा वाद परका वाटणार नाही. १९४६ मध्ये, म्हणजे बेव्हन यांच्या कायद्याच्याच वर्षी, आपल्याकडे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला आणि पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे त्यात पहिल्याच तत्त्वांत लिहिले. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमधले केस पेपरसह सगळे शुल्क बंद झाले ते १५ ऑगस्ट २०२३ पासून. त्या काही रुपयांनी तिजोरीत काय पडत होते आणि किती जण ते नसल्याने घरीच थांबले, यांतला पहिला हिशेब मांडता येतो. दुसरा कुणाच्याच वहीत नसतो, आणि बेव्हन भांडत होते ते त्या दुसऱ्या हिशेबासाठी.

वेल्समध्ये १ एप्रिल २००७ पासून चिठ्ठीवरची औषधे सर्वांना मोफत झाली. ट्रेडिगारच्या औषधाच्या दुकानात आज चिठ्ठी दिली की औषध हातात पडते, शिलिंग लागत नाही. कवळीचे पैसे मात्र बहुतेक प्रौढांना तिथेही द्यावे लागतात.